मोजबाचं कवच

वाघदरे, ११ डिसेंबर १९३५

ती. भाऊस,

नमस्कार लिहीत नाही. हात पिठाचे आहेत, आणि नसते तरी लिहिला नसता.

तू मायला पाठवलेलं मासिक पोचलं. टपालवाल्यानं आधी ते चावडीवर सगळ्यांना दाखवलं आणि मग शाळेत आणून दिलं. म्हणाला, "यशोदाबाई, तुमच्या भावाचा फोटो छापून आलाय." फोटो झकास आहे. कोट नवा दिसतो. खाली लेखाचं नाव, 'खानदेशची भूमी वर येत आहे', आणि त्याखाली तुझं नाव आबांच्या नावासकट, अभिमन झुलाल पाटील. आबा असते तर गावभर मिरवले असते.

पहिल्यांदा वाचला तेव्हा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मात्र ताटातल्या वरणात झुरळ निघावं तसं झालं.

तुझं म्हणणं मला नीट कळलं. न कळायला काय झालं? लहानपणी आढ्याला दोरा बांधून, त्याला दगड लावून, तूच मला शिकवायचास की पृथ्वीच्या पोटातलं वजन ह्याला ओढतं. तू लिहितोस, सरकारनं १९१२ साली धुळ्यापासून नरडाण्यापर्यंत जमिनीची उंची मोजली आणि ठिकठिकाणी खुणेचे दगड पुरले. गेल्या हिवाळ्यात तू तीच रेघ पुन्हा मोजलीस. धुळ्याचा दगड जागच्या जागी, नरडाण्याचा जागच्या जागी. मधले बाकीचे दगड पुरात नाहीतर रस्त्याच्या खडीत गेले, राहिला एकटा वाघदऱ्याचा, आणि तो दीड इंच वर आलेला. त्यावरून तू ठरवलंस की पांझरेच्या खोऱ्याखाली, आपल्या काळ्या खडकाच्याही खूप खाली, काहीतरी जड असं सरकत येतंय आणि आपल्या गावाला खालून उचलतंय. जोडीला लंबकाचे आकडे दिलेस. इथे लंबक जरा जलद झुलतो, म्हणजे खाली वजन जास्त आहे. लंबकावर माझा राग नाही. तो खरं सांगत असेल. मी दगडाबद्दल बोलते आहे.

भाऊ, तो दगड म्हणजे मोजबा.

तू सोयीनं विसरला असशील म्हणून सांगते. तो दगड पुरला तेव्हा गोऱ्या साहेबानं आबांना बजावलं होतं, ह्याला कोणी हात लावायचा नाही, बैल बांधायचा नाही, जवळ जोडे घालून यायचं नाही. गावानं सरळ अर्थ काढला. ज्याला हात लावायचा नाही आणि ज्याच्यापुढे जोडे काढायचे, तो देव. मोजणीवाल्यांचा म्हणून मोजबा. पुढे तुला विषमज्वर झाला तेव्हा मायनं त्याला नवस बोलला. तू वाचलास. मग तुला नोकरीही लागली ती मोजणीच्याच खात्यात! मायच्या दृष्टीनं मोजबानं तुला आपल्या घरातच घेतलं. तेव्हापासून आजपर्यंत एक शनिवार चुकलेला नाही. तेल आणि शेंदूर, त्यावर पुन्हा तेल आणि शेंदूर. उन्हाळ्यात ते मऊ पडून ओघळतं, त्यात मुंग्या चिकटून मरतात, कुत्री येऊन चाटतात, आणि पुढच्या शनिवारी त्याच्यावर नवा थर बसतो. जवळ गेलं की खवट तेलाचा वास डोक्यात जातो. मायला तो वास येत नाही. मला येतो.

तुझी मोजणीची काठी त्या थरावर उभी होती. जमीन वर आलेली नाही. शेंदूर वर आलाय.

तू तिथे होतास ना? नदीकाठी आमराईत तंबू ठोकून राहिलास, घरापासून हाकेच्या अंतरावर. मायनं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली, ती तुझ्या आचाऱ्यानं साहेबांना चालत नाही म्हणून परत लावली. मायनं ती गाईला घातली आणि म्हणाली, "कामनी घाई व्हई त्याले." असो. भाकरीबद्दल हे पत्र नाही.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण काल धुळ्याहून पाटबंधाऱ्यांच्या इंजिनिअरांचा कागद आला. खालच्या वाडीपर्यंत पाट लांबवायची मागणी सध्या नामंजूर. कारण काय, तर आपल्या पाटाला उतार आधीच नावाला आहे, आणि अभिमन पाटील यांच्या मोजणीप्रमाणे मधली जमीन उचलली जात आहे, म्हणजे पुढे पाणी उलटं फिरेल आणि खर्च मातीत जाईल. कागदात लिहिलंय की तुलाही विचारलं होतं आणि तू 'मापाबद्दल शंका नाही' असं कळवलंस.

खालच्या वाडीत विहिरी कोरड्या आहेत हे तुला ठाऊक आहे. बायका नदीतल्या डबक्यात घोट्यापर्यंत उतरून पाणी भरतात. त्याच डबक्यात म्हशी लोळतात. फडक्यातून गाळलं की फडक्यावर वळवळ उरते. नारू तिथलाच. त्याच वाडीतल्या हिलाल पाटकऱ्याची पोर माझ्या शाळेत येते. तिच्या पिंढरीतून नारू बाहेर आलाय, पांढरा, दोऱ्यासारखा. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढतात, कारण तुटला तर पाय सडतो. ती काडी पायाला बांधून पोर वर्गात बसते. मी तिला बेरीज शिकवते आणि नजर पाटीवर ठेवते. पाट आला की विहिरींना पाझर येईल आणि हे डबकं सुटेल. एवढीच गोष्ट आहे.

तेव्हा इंजिनिअरांना एक ओळ लिही. दगडावर शेंदराचा थर होता, माप चुकलं. माणूस चुकतो. त्यात लाज नाही.

यशोदा


वाघदरे, २० फेब्रुवारी १९३६

ती. भाऊस,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. त्यातली एक तुपासाठी. इकडच्या गाईच्या तुपाची चव तिकडच्या तुपाला नाही म्हणे. तुपाची बरणी मायनं भरून ठेवली आहे. मी अजून पाठवलेली नाही.

बाकीच्या ओळींत तू मला नियम शिकवतोस. दगड स्वच्छ करूनच काठी ठेवावी असा खात्याचा नियम आहे, तेव्हा थराचा प्रश्नच येत नाही. शिवाय मी शाळेतली गणितं शिकवावीत, ह्या सूक्ष्म गोष्टींत पडू नये. बरं.

मी पडले. नरडाण्याच्या बाजारात तुझा पुना खलाशी भेटला, गेल्या हिवाळ्यात तुझी काठी धरून उभा असायचा तो. बिचारा मिरच्या विकत होता. मी विचारलं, "पुना, वाघदऱ्याच्या दगडावर काठी ठेवली तेव्हा दगड खरडला होता का?"

त्यानं दोन्ही कान धरले. "काय बोलतीस अक्का! देवले खरडू? माले बी पोरंसोरं शेतस. भाऊसाहेब तिकडे दूर दुर्बीणले डोया लाईसन उभा व्हतात. मी आधी जोडा काढात, हात जोडात, मंग देवना माथावर काठी ठेवी."

"आणि भाऊसाहेबांनी विचारलं नाही?"

"इचारं ना. 'ठेवी का?' म्हने. मी म्हनं, ठेवी."

बाकीच्या दगडांवर पुना ब्रश मारायचा, पाण्यानं धुवायचा. इथे नाही मारला. तो ह्याच मुलखाचा, तूही ह्याच मुलखाचा. कोणी परका साहेब असता तर त्यानं ते लाल ढेकूळ पाहून आधी कपाळाला हात लावला असता, मग खरडायला लावलं असतं, आणि गावाशी भांडणही ओढवून घेतलं असतं. तुला ते ढेकूळ दिसलंच नाही, कारण जन्मभर पाहिलंय. इथवर मी तुला माफ करते. मनापासून.

पण आता तुला कळलंय. मी कळवलंय. परवा माय देवळात गेली असताना मी मोजबाच्या माथ्यावर गोणी शिवायचं दाभण टोचून पाहिलं. लोण्यात गेल्यासारखं अर्धंअधिक आत गेलं तेव्हा कुठे दगड लागला. बाहेर काढलं तर त्याला कसलंतरी काळं, केसाळ लडबडलेलं. मी दाभण फेकून दिलं आणि हात राखेनं घासले. वास दोन दिवस गेला नाही.

तू विचारशील, मग तूच का जात नाहीस इंजिनिअरांकडे? जाईन की. धुळं काही लंकेत नाही. पण मी गेले तर तुझी नोकरी जाईल, आणि मायला कळेल की तिच्या शेंदरानं तिच्या पोराचं वाटोळं केलं आणि खालच्या वाडीचं पाणी तोडलं. म्हातारी हे ऐकून जगेल का? म्हणून म्हणते, तूच लिही. तुझ्या हातून झालं तर ती चूक राहील. माझ्या हातून झालं तर चहाडी होईल.

यशोदा


वाघदरे, २ सप्टेंबर १९३६

ती. भाऊस साष्टांग नमस्कार,

आज मनापासून लिहिला आहे. वाचून हसू नकोस.

तू मायला पाठवलेलं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तुला स्वप्न पडलं म्हणे. मोजबा स्वप्नात आला आणि म्हणाला, अंगावर भार झालाय, उतरवा. वाचताना माझी जीभ अडखळली. तू आणि स्वप्न! देवळापुढून जाताना मान न वळवणारा तू! पण माय ऐकता ऐकता रडायला लागली. पोराच्या स्वप्नात देव गेला, आणखी काय हवं तिला? मग मला तुझी युक्ती कळली. म्हातारीचं मन न दुखवता दगड मोकळा करायचा, फिरून मोजायचं आणि चूक कबूल करायची. खरं सांगते, तुझ्याबद्दल इतकी माया मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती. तुपाची बरणी त्याच दिवशी पार्सल केली. पोचली असेल.

श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी शेंदराचं कवच उतरवलं. सगळं गाव जमलं. वाजंत्री होती. ऊन पाणी ओतून, लाकडी पाचरीनं हलवत हलवत काढलं. केळीचा खुंट सोलावा तसं एकेक सोपट सुटेल असं वाटलं होतं, पण ते एकदम आलं, टोपीसारखं. आतून जो भपका सुटला! बायकांनी पदर नाकाला लावले आणि तरी हात जोडलेलेच. आतल्या बाजूला काळी लादी, त्यात झुरळांची टरफलं, उंदराची एक अख्खी पिल्लावळ वाळून चिकटलेली, तांदूळ, केस. मी बाजूला जाऊन ओकले. माय म्हणाली उपासानं झालं असेल.

मायनं ते कवच परातीत घेतलं, हळदकुंकू वाहिलं, गाडी जुंपून मुडावदच्या संगमावर नेलं आणि तापीत सोडलं. तीन वेळा 'मोजबाना जय' झाला. उतरवलेलं कवच घरात ठेवत नाहीत, वाहत्या पाण्यातच सोडतात, हे तुला मी काय सांगू?

परत आल्यावर मी एकटी दगडाकडे गेले. भाऊ, किती साधा आणि नेटका दगड आहे तो. वरचा माथा गुळगुळीत, बाजूला छिन्नीनं कोरलेली खूण आणि साल, कालच घडवल्यासारखं. मी त्याच्यावर तळहात ठेवला. थंड होता. माझे डोळे भरून आले, का ते विचारू नकोस. इतकी वर्षं त्या घाणीच्या आत तो बिचारा आपलं माप धरून बसला होता.

मायला मी सांगितलंय की कवच उतरवल्यावर देवाला वर्षभर नुसतं पाणी घालतात. तिनं ऐकलं. तू हिवाळ्यात ये, मोज, आणि लिही. ह्या वेळी तंबूत राहिलास तरी चालेल, पण एक वेळ घरी जेव. भरीत मी स्वतः करीन. हिलालला मी सांगून ठेवलंय की पुढच्या पावसाळ्याआधी पाटाचं काम लागेल. त्यानं वाडीत गूळ वाटला.

तुझी यशोदा


वाघदरे, ३० मार्च १९३७

अभिमन,

'भाऊ' लिहायला हात होत नाही.

नवं मासिक पोचलं. 'उठलेली भूमी पुन्हा बसली.' फोटो तोच, पदवी नवी. अभिनंदन तुझं. खाली जी हुद्द्याची ओळ आहे ती मायला दोनदा वाचून दाखवावी लागली.

किती सुंदर लिहिलंयस रे! पांझरेखालचा जड साठा आधी सरकत आला आणि गावाला उचलून धरलं. मग दोन वर्षांत तो साठा पुढे तापीच्या अंगाला निघून गेला आणि गाव जिथल्या तिथे बसलं. पृथ्वीच्या पोटातला श्वास खानदेशात पहिल्यांदा हाताला लागला, असं म्हणतोस. श्वास! तो शेंदूर होता, अभिमन. तो शेंदूर आपल्या आईच्या बोटांनी लावलेला होता, आणि तूच तो काढायला लावलास. खोट्या स्वप्नाची गोष्ट रचून काढायला लावलास. चूक झाकायची तर माणूस गप्प बसतो. तू तिच्यातून दुसरा लेख काढलास.

मी तुझा श्रावणातला कागद पुन्हा वाचला. 'माझ्या स्वप्नात मोजबा आला.' पाठोपाठ ते मासिक वाचलं. दोन्हीकडे एकाच शाईचं अक्षर असल्यासारखं वाटलं. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालंय आणि ती झटकता येत नाहीये. जानेवारीत तू आलास, तंबूत राहिलास, घरी जेवलास. मी वाढत होते. तू भरीत दोनदा मागून घेतलंस आणि मायला म्हणालास, देवानं ऐकलं. ते सगळं जेवण तुला पचलं कसं?

तुझा पुढचा पराक्रमही ऐक. तुला वाटलं असेल, जमीन जागेवर बसली म्हणजे पाटाची अडचण संपली, गावाचंही भलं आणि आपलंही भलं. परवा इंजिनिअरांचा दुसरा कागद आला. जी जमीन दोन वर्षांत उठते आणि बसते तिच्यावर चुन्याचं बांधकाम टिकायचं नाही, तडे जातील. सबब वाघदऱ्याच्या हद्दीत कोणतंही काम कायमचं बंद. पहिल्या कागदात निदान 'सध्या' हा शब्द होता. तो तू खोडवलास.

हिलाल दारात आला. तो कधी आवाज चढवत नाही. काल चढवला. "अक्का, आमीन गूय वाटी बठ्ठा वाडीमा! आते लोक माले तोंड दाखाडू देत नहीत. जमीन उनी, जमीन गई! आमीन काय जमीनले खांदा लावा व्हता का? तुना भाऊ पानी पीस ना तठे? कोनतं पानी पीस तो?"

त्याच्या पोरीला यंदा दुसऱ्या पायातून नारू निघालाय. ती आता शाळेत येत नाही, खाटेवर असते.

माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती सगळं ऐकत होती. हिलाल गेल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "काय व्हयनं, नीट सांग." मी पहिल्यांदा टाळलं. मग सांगितलं. दगड, काठी, थर, पुना, पहिला लेख, पाट, तुझं स्वप्न, दुसरा लेख. तुला वाचवायला जे दीड वर्ष गिळून बसले होते ते सगळं. तिनं एकच विचारलं, "सपन पडनंच नही का त्याले?"

मी म्हटलं, "नाही, माय."

त्यानंतर तिनं सूप हातात घेतलेलं नाही. जेवलीही नाही.

यशोदा


वाघदरे, १८ मे १९३७

अभिमन,

हे पत्र माय सांगते म्हणून लिहिते आहे. माझ्या मनात तुला लिहायचं नव्हतं.

गेल्या शुक्रवारी पहाटे माय उठली, नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चाल धुयाले." मी म्हटलं, उन्हाचा तडाखा आहे, पाऊस पडू दे, मग जाऊ. ती गाडीत जाऊन बसली सुद्धा. मोजबासमोरून गाडी गेली तेव्हा तिनं मान वळवली नाही, तेव्हाच मला भीती वाटली.

इंजिनिअर तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी मायला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझा हात दाबला. स्वतः बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे देते, कारण ते तुझ्यासाठी आहेत.

"सायेब, मी अभिमननी माय. तो म्हनस जमीन वर उनी, मंग खाले गई. जमीन कोठेच गई नही. तो शेंदूर व्हता. मी लावा, ह्या हातवरी लावा. मना आंडोरले नोकरी लागनी म्हनीसन दर शनवारे लावा. मंग त्यानी माले खोटं सपन लिखीसन ते काढी लिधं. मना आंडोर खोटा शे, सायेब. जमीन खरी शे."

साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "आजी, तो थर कुठे आहे? दाखवता येईल का?"

"तापीमायकडे दिन्हा."

म्हणजे पुरावा नाही. मी मधेच म्हटलं, पुना खलाशी आहे, गाव आहे, मी आहे. साहेब म्हणाले, गावाला पाट हवाच आहे, त्यामुळे गावाचं कोणी ऐकणार नाही, आणि खलाशी नोकरीला भिऊन फिरेल. त्यांनी मायकडे पाहिलं. "आईनं मुलाविरुद्ध लिहून दिलं तर मात्र मला फेरमोजणी मागता येईल, तुमच्या मुलाच्या खात्याबाहेरच्या माणसाकडून. पण आजी, नीट विचार करा. ह्यात मुलाची नोकरी जाऊ शकते. नोकरी राहिली तरी नाव जाईल."

मला वाटलं ती डगमगेल. मी देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की तिनं डगमगावं, आणि आपण उठून घरी जावं, आणि तू तुझा श्वास घेऊन बस.

मायनं अंगठा पुढे केला. कारकुनानं शाई आणली. तिनं कागदावर अंगठा उमटवला, आणि नीट उमटला नाही असं वाटून तिनं पुन्हा एकदा त्याच्या शेजारी उमटवला. शाई पुसायला कारकुनानं चिंधी दिली ती तिनं घेतली नाही.

फेरमोजणीवाले पावसाळ्यानंतर येणार आहेत. साहेबांनी दोन्ही कागद फेरमोजणीपर्यंत मागे घेतल्याचं आम्हाला तिथेच लिहून दिलं. तुला तुझ्या वरिष्ठांकडून बोलावणं येईल. तेव्हा तू काय सांगशील ते तुझं तू बघ. मी आता तुझ्यासाठी काही सुचवत नाही.

परतीच्या वाटेवर मायनं गाडी घराकडे वळवू दिली नाही. खालच्या वाडीला घ्यायला लावली. ऊन उतरत होतं. बायका डबक्यावर होत्या. माय गाडीतून उतरली, लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात गेली. म्हशी आत बसलेल्याच होत्या. पाण्यावर शेणाचा तवंग होता. हिलालची बायको घागर भरत होती. मायनं तिच्या हातातली घागर घेतली आणि ओंजळीनं नव्हे, घागर तोंडाला लावून प्यायली. घटाघटा. मी काठावरून ओरडले, "माय, नको!" हिलालची बायको रडायला लागली. म्हणत होती, "मायबाई, वरला विहीरनं पानी आनी देस ना." माय थांबली नाही. पोट भरेपर्यंत प्यायली. मग बाहेर आली आणि वाळूत बसून ओकली. मी तिचं तोंड पुसायला गेले. तिनं मला बाजूला केलं.

आता चार दिवस झाले. ताप नाही. नारू व्हायचा तर वर्षभरानं बाहेर पडतो हे तुला ठाऊक आहे, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही रोज तिचे पाय बघणार. ती स्वतः बघत नाही. मी बघते.

आज सकाळी तिनं मला लिहायला बसवलं. म्हटलं, काय लिहू? तिनं दोन ओळी सांगितल्या आणि दोन्ही खोडायला लावल्या. शेवटी जे बोलली तेवढं लिहून पत्र टाकते.

"त्याले लिख, घर त्यानंच शे. येऊ दे. पन आधी वाडीमा जाय म्हना, आनि मी पिनू तेवढं पानी पी. मंग घर ये."

यशोदा